दुसरी करवंटी

गढूळ पाण्याची खाडी जिथे थकूनभागून समुद्राच्या कुशीत शिरते, तिथे वाळूची एक लांबच लांब पट्टी आहे. तिच्यावर आगरपुळण नावाचं चाळीस उंबऱ्यांचं गाव. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, आणि मधे सुपातल्या दाण्यांसारखी माणसं. या गावात, उंडीच्या जुन्या झाडाखाली, करवंटीमहाराज राहत असत.

त्यांचं मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. जवळ झोळी नाही, कमंडलू नाही. नारळाची एक करवंटी तेवढी, घासून घासून काळी आणि गुळगुळीत झालेली. दारात उभे राहून ती पुढे करत. पेज मिळो की पाणी, एकच करवंटी घेत. कुणी आग्रह केला तर हात मागे घेत आणि म्हणत, "पुरे गो माय. उद्याही यायचंय."

भाविकहो, उत्सवात ही कथा महाराजांच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. पण खुद्द महाराजांसमोर कुणी ती काढली, की ते मान खाली घालत. ती मान खाली का जाई, ते न सांगता कथा सांगितली तर ती अर्धीच राहील.

समुद्राच्या इतक्या जवळ गोडं पाणी असतं, हे बाहेरच्याला पटत नाही. पण असतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत राहतं. साय हलक्या हातानं काढावी लागते. म्हणून आगरपुळणीत पूर्वी विहिरी नव्हत्या, झिरे होते. घरामागे वाळूच्या टेकाडाआड हात-दीड हात खड्डा, वाळू ढासळू नये म्हणून त्यात बसवलेला बूड काढलेला रांजण, आणि काठावर एक करवंटी. झिऱ्यात कळशी बुडवायची नाही. गुडघे टेकायचे, पुरतं वाकायचं, आणि वरचं वरचं पाणी करवंटीनं काढून कळशी भरायची. त्यातली पहिली करवंटी परत वाळूत ओतायची. ती धरित्रीची. आपण रिकाम्या हातानं मागायला आलो, असं तिला वाटू नये.

एक कळशी भरेस्तोवर पायांना मुंग्या येत. गरोदर बाईचं पोट दुमडे, म्हातारीला उठताना हात द्यावा लागे. वाळूवर बसल्या बसल्या बाया ओव्या म्हणत. त्यातली एक अजून ऐकू येते:

दर्या भरला दारात, ओठ कोरडे घरात,
सांग बाई, गोड थेंब कुणी ठेविला वाळूत?

मग नारोपंत खोतांनी विहीर बांधली.

नारोपंत वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. पडत्या वर्षी त्यांनी आपल्या भाताच्या कणग्या गावाला मोकळ्या केल्या होत्या. बायांची वाकलेली पाठ त्यांना बघवेना, म्हणून गावाच्या मधोमध जांभ्या दगडात बांधलेली, पायऱ्यांची, चांगली रुंद विहीर त्यांनी करवून घेतली आणि सगळ्यांना मोकळी ठेवली. बायांनी उभ्यानं पोहरा सोडला, उभ्यानं ओढला, आणि पंतांना दुवा दिला. बायांचं तरी काय चुकलं? वर्षा-दोन वर्षांत झिरे विसरले गेले. कुणी त्यांत माशांची खवलं टाकली, कुणी नारळाची सोडणं. पहिली करवंटी परत द्यायची रीतही गेली, कारण करवंटीच गेली.

पंत आता ओटीवर बसून म्हणू लागले, "या गावाला पाणी मी पाजतो."

मग विहिरीवर रहाट आला. पंतांना पोफळीची बाग करायची होती. दोन बैल सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फिरत, आणि मातीच्या लोट्यांची माळ भरून वर येई, रिती होऊन खाली जाई. रहाटाची पूजा झाली तेव्हा महाराजांनाही बोलावणं होतं. पंतांनी आदरानं पाणी पुढे केलं. महाराजांनी एक करवंटी घेतली, प्यायले, आणि विहिरीत डोकावून हळूच म्हणाले, "पंत, ही लेकुरवाळी आहे. हिला थोडं निजू द्या."

ताशे वाजत होते. शेजारच्या चार जणांना तेवढं ऐकू गेलं. पंत मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "बोवा, तुमची तहान करवंटीएवढी, म्हणून साऱ्या गावाची तेवढीच का?"

माणसं हसली. महाराजही हसले, हातावर ठेवलेला प्रसाद खाल्ला, आणि दोन दिवसांनी नेहमीसारखे फिरतीवर निघून गेले.

त्याच सुमाराला दर्या पुढे यायला लागला होता. लहानपणी ज्या खडकावर बसून कालवं फोडली, तो खडक आता ओहोटीलासुद्धा उघडा पडत नाही, असं म्हातारे बोलत. केवड्याची रांग एका पावसाळ्यात आडवी झाली, तिच्या मागची पुढल्या. उधाणाचं पाणी टेकाडाच्या पायाशी येऊन परत जाई. उंबऱ्यावर येऊन बसणाऱ्या आणि काही न मागता उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखं. माणसं म्हणत, यंदा जरा जास्त आलाय, जाईल मागे.

गावात आवडी नावाची एक खारवीण होती. नवरा तांडेल, होडीसकट दर्यात गेलेला. मुलगा महिने महिने दुसऱ्यांच्या गलबतावर. घरात सून आणि चार वर्षांची नात, पारू. महाराज गावात असले की रोज पहिली भिक्षा आवडीच्या दारची. साऱ्या गावानं झिरे बुजवले, तरी आवडीनं आपला झिरा जपला होता. बाया थट्टा करत, "आवडीला वाकल्याबिगर पाणी गोड लागत न्हाई." आवडी हसून वाकत राही, आणि शेजारी बसून पारू नारळाच्या इवल्याशा करवंटीनं वाळूला पाणी पाजत राही. पहिली करवंटी परत द्यायचं काम पारूचं होतं.

त्या कार्तिकात तुफान झालं. दोन दिवस वारा माडांना केसाला धरून हलवत होता, आणि तिसऱ्या पहाटे दर्या टेकाडावरून आत आला. गाव डोंगराच्या अंगाला पळालं. माणसं वाचली. परतून आली तेव्हा पोफळींच्या मुळांशी मेलेले मासे पडले होते, आवडीचा झिरा कुठे होता ते आवडीलाही ओळखू येत नव्हतं, आणि पंतांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं.

पंतांनी हार मानली नाही. ते म्हणाले, खोल जाऊ. त्यांचं लहानपण आजोळी, घाटावर गेलेलं. मामानं सात पुरुष खोल खणलं होतं आणि कातळ फोडल्यावर पाणी कसं उसळलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाणी खोलात असतं, भित्र्याला लागत नाही, हे त्यांच्या मनात तेव्हापासून कोरलेलं. त्यांनी घाटावरून खणणारे आणवले. कामाला कुदळ लागायची त्या सकाळी सारं गाव विहिरीपाशी जमलं, आणि आवडी पुढे झाली.

"खोल जाऊ नका, पंत. गोडं पाणी वर असतं, खाली दर्या हाय. पारूचा आजा सांगायचा. रहाट सोडून ठेवा, दोन पावसाळे जाऊ द्या. ती आपली आपण बरी होईल."

पंतांनी तिच्याकडे पाहिलं. चार माणसांत, पाहुण्या कामगारांसमोर, एक खारवीण त्यांना विहीर शिकवत होती.

"अगो आवडे," ते म्हणाले, "ज्याला पाण्यानं गिळलं, त्याच्याकडून मी पाण्याचं शिकू?"

माणसं हसली. भाविकहो, हसणारे कुणी परके नव्हते. आपलेच आजे-पणजे होते ते. आवडीनं रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि घरी गेली.

अकराव्या दिवशी खालचा थर फुटला. पाणी असं उसळलं की खणणारे दोर धरून वर आले. ताशे वाजले, नारळ फुटले. पंतांनी पहिली ओंजळ भरली, तोंडाला लावली, आणि तशीच बोटांतून गळू दिली. ते पाणी समुद्राचं होतं. वर जी मचूळ का होईना साय उरली होती, तीही त्यात मोडली. त्या दिवसापासून त्या विहिरीचं पाणी गुरांनीही हुंगून सोडलं.

मग डोंगरातला झरा. जाऊन येऊन सहा कोस. पहाटे निघालेली बाई दुपारी एक कळशी घेऊन येई. खोतांच्या घरी पाणी बैलाच्या पाठीवरून येई, ज्यांच्याकडे बैल नव्हते त्यांच्याकडे डोक्यावरून. ज्यांच्या अंगात तेवढं बळ नव्हतं, ते खाडीच्या वरच्या डबक्यातलं पाणी फडक्यानं गाळून पीत. फाल्गुनात आवडी तापानं पडली आणि सून एकटी झऱ्यावर जाऊ लागली. एका दुपारी तिला यायला उशीर झाला. पारूला तहान लागली. तिनं आपली इवलीशी करवंटी घेतली आणि डबक्यावर गेली.

तिसऱ्या दिवशी पारू गेली. शेवटपर्यंत ती पाणीच मागत होती.

चैत्रात महाराज परतले. आवडीच्या दारात नेहमीसारखी करवंटी पुढे केली. आवडी उठली, कोपऱ्यातल्या कळशीतलं डोंगराचं पाणी तिनं करवंटीत ओतलं. महाराजांची नजर उंबऱ्याशी पालथ्या पडलेल्या लहान करवंटीवर गेली. त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं.

ते तिथेच, दारातल्या वाळूत बसले. हातातलं पाणी प्यायले नाहीत. म्हणाले, "मला दिसत होतं, आवडे. त्या दिवशी विहिरीत वाकलो तेव्हाच दिसलं होतं. पण मी हळू बोललो. ताशे वाजत होते, लोक आनंदात होते, मी हसलो आणि प्रसाद खाल्ला. मी मोठ्यानं बोलायला हवं होतं."

आवडी म्हणाली, "मी मोठ्यानं बोलले, महाराज. काय झालं?"

महाराज उठले, भरलेली करवंटी सांडू न देता उंडीच्या झाडामागे गेले, जिथून भरतीची रेघ चाळीस पावलांवर दिसत होती, आणि आवडीनं दिलेलं ते पाणी त्यांनी कोरड्या वाळूत ओतून टाकलं.

बाया धावत आल्या. सहा कोसांचं पाणी! कुणी म्हणालं, महाराजांना भ्रम झाला. महाराज म्हणाले, "किती वर्षं आपण नुसतं घेतोय. पहिली करवंटी द्यायची राहिली. घरटी एक आणा. जमेल तिनंच. जिच्या घरी लेकरू तहानलेलं आहे, तिनं आणू नये. तिची मी दिली."

नारोपंत गर्दीच्या कडेला उभे होते. विहीर बिघडल्यापासून त्यांच्या बोलण्याला जास्तच धार आली होती. ते म्हणाले, "वाळूला पाणी पाजून झरे फुटत असते, तर दर्या रोज दोनदा पाजतोय की. अजून कसं गोड झालं नाही काही?"

या वेळी कुणी हसलं नाही. पण पुढेही कुणी झालं नाही. घरात मोजून घोट उरलेले. ते वाळूत कसे ओतायचे?

तेव्हा आवडी घरात गेली आणि पारूची लहान करवंटी भरून घेऊन आली. गुडघे टेकून तिनं ती महाराजांनी ओतलेल्या जागी ओतली. मग तिची सून आली. मग पलीकडची भंडारीण, मग कुंभाराची म्हातारी, हाताला कंप असूनही एक थेंब न सांडता. सूर्य पाण्याला टेकेपर्यंत बाया येत होत्या. वाळू पीत होती, आणि वरून कोरडीच दिसत होती.

सकाळी महाराजांनी हातांनी वाळू उकरली. हातभर खाली वाळूचा रंग बदलला. दीड हातावर ती बोटांना चिकटू लागली. मग तळाशी, झोपेतून उठलेल्या लेकराच्या डोळ्यासारखं, पाणी चमकलं. महाराजांनी करवंटीनं वरचं वरचं काढलं आणि पहिली करवंटी परत वाळूत ओतली. दुसरी आवडीच्या हातात दिली. आवडीनं जिभेला लावलं. ती डोळे मिटून तशीच बसून राहिली, आणि बायांना कळेना की पाणी गोड आहे की खारं, कारण तिच्या गालांवरून ओघळत होतं.

"गोड हाय," ती म्हणाली. "महिनाभर आधी हवं हुतं."

महाराजांनी मान खाली घातली ती तेव्हा.

चैत्र गेला, वैशाख तापला, चाळीस उंबरे त्या एका झिऱ्यावर प्यायले. उधाणाचं पाणी काठापासून दहा पावलांवर येऊन थांबे, पण झिऱ्याची चव फिरली नाही, पातळी बोटभर उतरली नाही. नियम जुनाच. गुडघे टेकायचे, करवंटीनंच घ्यायचं, पहिली परत. एका दुपारी खोतांचा गडी आला, घाईत होता, त्यानं घागरच बुडवली. घरी नेली तर पाणी मीठ. पाठोपाठ आवडीनं करवंटीनं काढलं, तर गोड.

गड्याला घाई होती याचं कारण होतं. पंतांची आई अंथरुणाला खिळली होती. डोंगरावरून पाणी आणणारे बैल लाळ्या रोगानं बसले होते, आणि दोन दिवस घरात थेंब नव्हता. ऐंशी वर्षांची ती बाई जुन्या झिऱ्यांची ओवी पुटपुटत होती आणि पाणी मागत होती. खारी घागर पाहून पंत संतापले. त्यांना वाटलं, गाव त्यांच्यावर सूड उगवतंय. तांब्याची कळशी घेऊन, डोईवर ऊन घेऊन, ते स्वतः निघाले.

उंडीखाली महाराज बसले होते. झिऱ्यापाशी बायांची रांग होती, आणि पाणी भरत आवडी होती. पंत आले तशी रांग दुभंगली, कुजबुज थांबली. आवडीला त्या वेळी काहीही बोलता आलं असतं. विहिरीपाशी ऐकलेलं वाक्य तिनं जसंच्या तसं परत केलं असतं, तरी कुणी तिला बोल लावला नसता. तिनं आपली अर्धी कळशी बाजूला सारली आणि हातातली करवंटी त्यांच्यापुढे धरली.

"बसा, पंत. उभ्यानं जमत न्हाई."

नारोपंत जन्मात कुणापुढे गुडघ्यावर बसले नव्हते. ते बसले. हात पुरेना, म्हणून वाकले. आणखी वाकले. झिऱ्याच्या काठाला कपाळ टेकलं, तेव्हा कुठे करवंटी पाण्याला लागली. त्यांनी ती वर काढली. घरी आई तहानलेली होती, आणि रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी ती पहिली करवंटी वाळूत ओतली.

पुन्हा वाकले, पुन्हा कपाळ टेकलं, दुसरी भरली. तीही त्यांनी वाळूत ओतली.

आवडी म्हणाली, "पंत, परत एकच करायची."

"ठाऊक आहे," पंत खाली बघत म्हणाले. "ही पारूची."

आवडी त्यांच्या शेजारी वाळूवर बसली, आपल्या हातानं त्यांची कळशी सरळ धरली, आणि हळूच म्हणाली, "भरा आता. म्हातारी वाट बघत आसंल."

कळशी भरल्यावर पंत महाराजांच्या पायांशी गेले. महाराजांनी पाय मागे घेतले. ते म्हणाले, "तुम्ही वाकायचं तिथे वाकून आलात, पंत. माझं राहिलंय." आणि ते उठले, सगळ्या गावासमोर झिऱ्यापाशी गेले, गुडघे टेकले, आणि दोन करवंट्या वाळूत ओतल्या.

खोतांची आई त्या रात्री शांत निजली आणि पुढे तीन पावसाळे जगली. रहाट पंतांनी स्वतःच्या हातानं उतरवला. पोफळीची बाग वाळली, ती त्यांनी वाळू दिली. दर्या त्यानंतरही पुढे येतच राहिला. उंडीपासून चाळीस पावलांवर असलेली भरतीची रेघ आज सतरा पावलांवर आहे, आणि किती दिवस, ते आपल्याला सांगता येत नाही. पण झिरा अजून आहे. नवखा माणूस तिथे आला की विचारतो, धरित्रीला एक करवंटी हे समजलं, पण या गावात दोन का ओततात? तेव्हा पाणी भरणारी बाई वर न बघता म्हणते, "दुसरी पारूची." आणि वाकते.

नारोपंत म्हातारपणी रोज सकाळी तिथे येत. आवडीची कळशी ते भरून देत. कंबर धरली होती, बसायला वेळ लागे, उठायला त्याहून जास्त. कुणी म्हणालं, पंत, आम्ही भरतो, तर ते मान हलवत, पुरते वाकत, आणि कपाळ काठाला टेकेपर्यंत थांबत नसत.